या चातुर्मासात एका माणसाचा नेम धरा

पाऊस लागला आहे. जिन्याच्या पायऱ्या ओल्या झाल्या, अंगणात शेवाळ धरलं, आणि आपल्या प्रत्येकाच्या ओळखीतलं एखादं तरी माणूस आता थेट दिवाळीपर्यंत उंबऱ्याबाहेर पडणार नाही. खुब्याचं हाड मोडून बॉल बसवलेल्या आजी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे, दम्याने बेजार झालेले काका. अर्धांगवायूनंतर एका हाताने भिंत धरून चालणारे निवृत्त मास्तर. केमोथेरपी चालू आहे म्हणून डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केलेली चाळिशीची बाई. आणि यांच्यापैकी कुणाला तरी एकटं सोडता येत नाही म्हणून घरातच अडकून पडलेली सून, मुलगी किंवा नवरा. कोकणात वाडीकडे जाणारी पायवाट चिखलात जाते, मुंबईत रस्त्यावर पाणी भरतं, पुण्यात फुटपाथ निसरडे होतात. उन्हाळ्यात संध्याकाळी खाली कट्ट्यावर येऊन बसणारी ही माणसं जून संपता संपता दिसेनाशी होतात, आणि ती दिसत नाहीत हेही आपल्या लक्षात यायला गणपती उजाडतात.

त्यांच्यासाठी मी आज तुमच्याकडे मागणं घेऊन आले आहे. आषाढी एकादशी तोंडावर आली. चातुर्मासात काहीतरी नेम धरण्याची आपली जुनी रीत आहे. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकवेळ जेवतं, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतं. यंदा घरात अडकलेल्या एका माणसाचा नेम धरा. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा फोन करायचा, आणि तो ठेवण्याआधी त्या माणसाला उद्यासाठी एक लहानसं काम सांगायचं. कार्तिकी एकादशीपर्यंत. चातुर्मास तुमच्या घरी पाळत नसतील तरी पाऊस तुमच्याही दारात आहे, त्यामुळे हे मागणं तुमच्याकडेही आहेच.

फोन ठरलेल्या वेळी का, आणि काम कशासाठी, हे नीट सांगायला हवं. नाहीतर चार दिवस उत्साहाने फोन होतात, पाचव्या दिवशी राहून जातो आणि पुढच्या आठवड्यात आपण विसरतो. पलीकडचं माणूस मात्र विसरत नाही.

घरात अडकलेल्या माणसाचा आधी हरवतो तो वार. सोमवार आणि गुरुवार यांच्यात काही फरकच उरत नाही. मिशेल सिफ्र नावाचा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ जुलै १९६२ मध्ये आल्प्समधल्या एका गुहेत मुद्दाम राहायला उतरला. बरोबर घड्याळ नव्हतं, कॅलेंडर नव्हतं, सूर्यप्रकाश नव्हता. १४ सप्टेंबरला त्याला वर काढलं तेव्हा त्याच्या हिशेबाने अजून २० ऑगस्टच चालू होता. पंचवीस दिवस त्याच्या हिशेबातून गळून गेले होते. तो तर तेवीस वर्षांचा, धडधाकट आणि स्वतःच्या मर्जीने गेलेला. पडदे ओढलेल्या खोलीत, दिवसभर टीव्ही चालू ठेवून पडलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाचं काय होत असेल! दुपारी दोन तास झोप, मग रात्री टक्क जाग, पहाटे तीनला नको ते विचार, सकाळी दहापर्यंत अंथरुणात. जेवणाच्या वेळा सरकतात, औषधाच्या वेळा सरकतात, आंघोळ एक दिवसाआड होते. घरचे म्हणतात, 'वय झालं.' वयाने एवढा फरक एका महिन्यात पडत नसतो.

शरीराचंही तेच. निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो मांसल भाग कमी होतो, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगात २००७ साली मोजलं गेलं. पाय गेले की धीर जातो, धीर गेला की माणूस उठायचंच टाळतं. पाऊस थांबल्यावर दार उघडतं, पण बाहेर पडायची ताकद तोवर गेलेली असते. म्हणून मी हे दिवाळीनंतर न मागता आत्ता मागते आहे.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. आपल्या शेजारी गोव्यातच तो तपासून पाहिलेला आहे. संगाथ या संस्थेच्या संशोधकांनी २०१३ ते २०१५ या काळात गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी घेतली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. उपचार देणारी माणसं डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. ती तिथलीच साधी माणसं होती आणि त्यांना या कामासाठी शिकवून तयार केलेलं होतं. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची, कधी केंद्रात तर कधी रुग्णाच्या घरी. त्या भेटींचा गाभा असा, की माणसाला पूर्वी बरं वाटायचं किंवा ज्याने हाताला यश यायचं अशा गोष्टी त्याच्याशी बोलून शोधायच्या, त्यातली एक अगदी लहान करून ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी करायला लावायची, आणि पुढच्या भेटीत 'जमलं का?' म्हणून विचारायचं. तीन महिन्यांनंतर, ज्यांना या भेटी मिळाल्या त्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर होते त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

नैराश्यात किंवा नुसत्या कंटाळ्यातसुद्धा आपण म्हणतो, 'मन लागलं की करीन.' गोव्यातल्या त्या समुपदेशकांनी क्रम उलटा लावला. आधी करा, मन मागून येईल. घरात पडून राहिलेल्या माणसाला हे स्वतःचं स्वतः जमवणं फार कठीण असतं. बाहेरून कुणीतरी रोज हळूच ढकलावं लागतं.

आणि ते फोनवरून ढकलता येतं. २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडच्या ऐन काळात, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात घराबाहेर पडू न शकणाऱ्या २४० माणसांवर एक अभ्यास झाला. दारात जेवणाचा डबा पोचवणाऱ्या सेवेवर अवलंबून असलेली ही माणसं होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना चार आठवडे फोन गेले. फोन करणारी १६ मुलं-मुली, वय १७ ते २३. पहिले पाच दिवस रोज, समोरच्याने सांगितलेल्या वेळी, आणि मग त्याला हवे तितके, पण आठवड्यातून दोनपेक्षा कमी नाही. त्यांना शिकवलं होतं ते एवढंच, की समोरचा ज्या विषयावर बोलेल त्यात खरा रस घ्या, विचारत राहा. महिन्याभराने ज्यांना फोन गेले त्यांचा एकटेपणा, नैराश्य आणि चिंता, तिन्ही मोजल्यावर कमी भरली. हे वाचल्यापासून आपल्या कॉलेजातल्या मुलांकडे मी वेगळ्या नजरेने बघते. त्यांच्याकडे हल्ली अमर्याद कॉल असलेला फोन असतो आणि संध्याकाळचा निदान अर्धा तास असतो. एनएसएसच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर हेही काम त्यांना का देऊ नये? प्राचार्यांनी, प्राध्यापकांनी याचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता प्रत्यक्ष फोनवर काय बोलायचं. 'जेवलात का, औषध घेतलंत का, पाय कसा आहे' हे प्रश्न घरचे दिवसातून दहादा विचारतात. त्यातून माणूस रुग्ण म्हणूनच उरतं. तुम्ही त्यांच्याकडे काहीतरी मागा. 'आजी, तुमच्या आमटीत आमसूल की चिंच? आमच्याकडे आंबटच होते, सांगा ना.' 'मास्तर, मुलाचं शुद्धलेखन भयंकर आहे, रोज संध्याकाळी पाच ओळी फोनवर घालाल का?' हे मागणं खरं हवं. खोटं मागणं म्हाताऱ्या माणसांना लगेच कळतं, आणि मग ती फोन घेईनाशी होतात. ज्याची तुम्हाला खरोखर गरज आहे असं काहीतरी त्यांच्यापाशी नक्की असतं. मसाल्याचं प्रमाण, गावाकडच्या जमिनीचा इतिहास, नात्यागोत्याची गुंतवळ, लग्नातली गाणी, शिवणाचं माप, बुद्धिबळाची चाल, इन्कमटॅक्सचा फॉर्मसुद्धा.

आठवणी मागताना तारीख लावून मागा. 'काही जुनं सांगा' म्हटलं की माणसं गप्प होतात. पुण्यात कुणी असेल तर विचारा, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? साताऱ्याकडचं कुणी असेल तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरात काय झालं? मराठवाड्यातलं किंवा नगर-सोलापूरकडचं असेल तर १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लीत का, खडी फोडायला घरातलं कोण गेलं होतं? मग फोन ठेवताना म्हणा, 'यातलं अर्धं पान लिहून ठेवा, उद्या मला वाचून दाखवा.' लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवू दे. शाळकरी नातवाला रेकॉर्डिंगचं बटण दाखवता येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक बायांना अक्षरओळखही नव्हती, आणि आपल्यापाशी जपून ठेवावं असं काही आहे हे त्यांना तोवर कुणी म्हटलंही नव्हतं. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही बहुधा कुणी म्हटलेलं नाही.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचा डावा हात आणि पाय अर्धांगवायूने गेला. सून दिवसभर नोकरीला. बाई खिडकीकडे पाठ करून पडून राहायच्या. समोरच्या घरातली, नुकती लग्न होऊन आलेली मुलगी एकदा सहज म्हणाली, 'मावशी, मला वाल सोलायला वेळच मिळत नाही, बिरडं करायचं राहून जातं.' बाई म्हणाल्या, 'आण इकडे.' त्या एका हाताने सोलायला लागल्या. वाटीभर वालाला त्यांना अख्खी सकाळ लागायची. मग लसूण आला, मग शेंगा, मग निवडायची मेथी. दोन घरांची निवडटिपण त्यांच्याकडे आली. त्या बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही, हात तसाच राहिला. पण 'आज काय आणलंस गं?' असं त्या दारातूनच विचारायला लागल्या, आणि खिडकीकडे तोंड करून बसायला लागल्या, कारण निवडायला उजेड लागतो.

आता जे स्वतः अडकलेले आहेत, त्यांच्याशी बोलते. काका, मावशी, दादा, ताई, तुमच्याकडे बाहेरून फोन येईपर्यंत थांबू नका.

सकाळी उठल्यावर पहिल्या तासात पडदे उघडा आणि खिडकीजवळची खुर्ची धरा. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कित्येक पट जास्त असतो, आणि शरीरातलं घड्याळ त्याच उजेडावर लागतं. चहा तिथेच घ्या. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, गजर लावून. रात्रीचा कपडा सकाळी बदला, कुणी येणार नसलं तरी. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर खुर्चीतून उठणं-बसणं दिवसातून तीनदा, भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीत आणि शेजारी कुणीतरी असताना. जाहिरात लागली की पाच वेळा उठायचं, एवढं ठरवलं तरी टीव्ही थोडासा कारणी लागतो.

हाताला काम ठेवा. यासाठी बाजारातून काहीही आणावं लागत नाही. जुन्या सुती साड्या घरात असतात, त्यांची गोधडी दिवसाला एक वीत शिवली तरी थंडी पडेपर्यंत पुरी होते. नजर अधू असेल तर वाती वळा. त्या बोटांनाच कळतात, आणि आता श्रावणापासून दिव्यांचेच दिवस आहेत, मागणी कमी पडणार नाही. आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून मूठभर मेथीदाणे पेरा. दोन-चार दिवसांत कोंब दिसतात, आणि मग रोज सकाळी उठून बघायला एक कारण मिळतं. धणे पेराल तर ते अर्धे करून पेरा आणि धीर धरा, त्यांना आठवडा-दीड आठवडा लागतो. पत्त्यांचा जुना जोड असेल तर दुपारी एकट्याने पेशन्स लावता येतो, आणि शेजारची दोन पोरं हाताशी आली तर पाच-तीन-दोन. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवा, पण उत्तरं दुसऱ्या दिवशीच बघायची. ज्यांना पोथीची ओढ आहे त्यांच्यासाठी ज्ञानेश्वरीचा हिशेब मी करून ठेवला आहे. ९,०३३ ओव्या आहेत. रोज ७७ घेतल्या तर चातुर्मासात ग्रंथ पुरा होतो. मोठ्याने वाचा, आवाज घरात फिरू दे. पोथी नको असेल तर तोच हिशेब एखाद्या कादंबरीला लावा, रोज ठरावीक पानं. रद्दीवाल्याकडे जुने दिवाळी अंक किलोच्या भावाने मिळतात, आणि गावातल्या वाचनालयाची वर्गणी आजही बहुतेकांना परवडेल अशीच आहे. पुस्तक आणून द्यायला माणूस लागतं, तेवढं शेजाऱ्यांनी करावं.

फुकट मिळणारी एक मोठी गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचता येतो, एकही पैसा न देता. रोज एक नोंद वाचायची आणि संध्याकाळच्या फोनवर ती सांगायची. आज अगस्त्य, उद्या अजिंठा, परवा अफू. चार महिन्यांत माणूस घरबसल्या कुठल्या कुठे जाऊन येतं.

मोबाइलबद्दल मात्र स्पष्ट बोलते. तो माणसाला गुंतवून ठेवतो आणि तरीही दिवसाअखेर हाती काही लागत नाही. एकामागून एक रील, एकामागून एक भांडणाची बातमी, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे भीती घालणारे निरोप. बातम्यांना वेळ बांधून द्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. रेडिओ या बाबतीत जास्त दयाळू आहे. त्याला वेळ असते आणि तो थांबतो. पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांवर कित्येक घरांचं घड्याळ लागत आलं आहे. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर याच केंद्रावरून गीतरामायण प्रसारित झालं, ५६ गीतं, आठवड्याला नवं एक. लोक पुढच्या आठवड्याची वाट बघत, शब्द वहीत उतरवून घेत. आज ती सगळी गाणी एका दुपारी सलग लावता येतात. माझं ऐका, सलग लावू नका. आठवड्याला एकच ऐका आणि शब्द उतरवा. वाट बघायला काहीतरी असणं अडकलेल्या माणसाला औषधाइतकं लागतं.

बंद दारामागे दिवस कसे लावायचे याचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केलं. मग दर रविवारी एक अध्याय. १९ जूनच्या रविवारी अठरावा झाला. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ही प्रवचनं उतरवून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्यापर्यंत पोचलं. विनोबांची विद्वत्ता आपल्यापाशी नाही, पण त्या मांडणीतली प्रत्येक गोष्ट आपल्याला परवडते. वार ठरलेला, मजकूर लहान तुकड्यांत वाटलेला, ऐकणारे समोर बसलेले आणि एकजण लिहून घेणारा. तुमच्या इमारतीत दोन माणसं अडकलेली असतील तर त्यांनाच एकमेकांना फोन करायला लावा. एकाने वाचावं, दुसऱ्याने ऐकावं, रविवारी अदलाबदल.

परदेशातल्या मुलांनाही सांगते. आई-बाबांना व्हिडिओ कॉल तुमच्या सवडीने, गाडी चालवताना करू नका. उन्हाळ्याच्या दिवसांत न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. पावसाळ्यात अंधारून आलेली ती वेळ घरात अडकलेल्या माणसाला फार जड जाते. रोज दहा मिनिटं तीच धरा. रविवारचा तासभराचा कॉल त्याची भरपाई करत नाही. आणि त्यांना पैशांबद्दल, तब्येतीबद्दल विचारण्याआधी तुमच्या स्वयंपाकातला एखादा बिघडलेला पदार्थ दाखवा आणि दुरुस्ती विचारा.

ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी फोन निरुपयोगी आहे, उलट त्यांना त्याने लाज वाटते. त्यांच्याकडे जावं लागेल, किंवा दाराखालून रोज एक चिठ्ठी सरकवावी लागेल. मोठ्या अक्षरात, शेवटी एक प्रश्न असलेली. दूर असाल तर पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं. हातात धरता येणारं, उशाशी ठेवता येणारं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं जातं.

आता सेवा करणाऱ्यांबद्दल. अडकलेल्या माणसाला निदान लोक विचारतात तरी. त्याच्याबरोबर अडकलेल्या बाईला (बहुतेक वेळा बाईच असते) कुणी विचारत नाही. तिला छंद सुचवू नका, तिला वेळच नाही. तिला आठवड्यातून दोन तास द्या. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तुम्ही तिच्या सासऱ्यांजवळ बसा आणि तिला बाहेर जाऊ द्या. ती भाजी आणायला गेली तरी चालेल, मैत्रिणीकडे गेली तर फार उत्तम. बसण्याआधी पथ्य, औषधं, संडासला नेण्याची पद्धत तिच्याकडून शिकून घ्या, म्हणजे तिचा जीव घरात अडकून राहणार नाही. महिला मंडळं, भजनी मंडळं, गणेशोत्सव मंडळं यांना मी हात जोडून सांगते, हे काम वाटून घेण्यासारखं आहे आणि तुमच्याकडे माणसं आहेत. मांडव घालण्याच्या सभेतच एक यादी करा.

हे सगळं औषधांच्या जागी नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ माणूस उदास असेल, जेवण तुटलं असेल, आवडीच्या गोष्टीतही लक्ष नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. एक-दोन दिवसांतच माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, दिवस-रात्र ओळखेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा एखादं नवं औषध यांमुळेही असं होतं. आणि 'आता देवाने उचललं तर बरं', 'मी सगळ्यांना ओझं झालोय' ही वाक्यं आपल्याकडे इतकी सर्रास बोलली जातात की कानावरून जातात. जाऊ देऊ नका. थांबून, शांतपणे विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्याने कुणाच्या मनात नवा विचार पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशकं हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा, आणि १४४१६ हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. त्या माणसासाठीच नव्हे, थकलेल्या सुनेसाठीही हाच नंबर आहे. ज्येष्ठांना घरातून त्रास होत असेल, पेन्शनची किंवा कायद्याची अडचण असेल किंवा नुसता आधार हवा असेल, तर एल्डर लाइनचा १४५६७ हा नंबर सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या फोनजवळ चिकटवा. सोसायटीच्या फलकावर आजच लावा.

आता एकादशीची वाट बघू नका. हा मजकूर वाचून होईपर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर एक माणूस आलेलं असणार. आज रात्री साडेआठच्या आत त्यांना फोन करा, त्यानंतर बरीच वयस्कर माणसं झोपायच्या तयारीत असतात. पहिल्या फोनला ती बिचकतील, 'काही काम होतं का?' असं विचारतील. हो म्हणा, आणि ते काम सांगा. उद्या किती वाजता फोन केलेला चालेल ते त्यांनाच विचारा आणि फोन चालू असतानाच कॅलेंडरवर लिहून घ्या. उद्या त्यांनी उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा लावा. तरीही उचलला नाही तर शेजाऱ्यांना सांगा किंवा जिना चढून जा. तुम्हाला एखाद्या दिवशी जमणार नसेल तर आदल्या दिवशीच तसं सांगा आणि तुमच्या जागी कोण फोन करेल त्याचं नाव द्या.